किटलीला लागलेला चुना

विजेच्या किटलीचा इतिहास वाचायला घेतला, की बहुधा एक नामावली हाती येते. अमुक साली पहिली किटली, तमुक साली आपोआप बंद होणारी, मग प्लॅस्टिकची, मग तारेपासून सुटी उचलता येणारी. या नामावलीत संशोधक असतात, कंपन्या असतात, सनावळ्या असतात, पाणी नसते. वास्तविक किटली हे पाणी उकळण्याचे भांडे आहे, आणि प्रत्येक गावचे पाणी निराळे असते. वापरून चार महिने झालेल्या किटलीत डोकावले, तर तळाशी पांढरट, खरखरीत थर दिसतो. तो थर त्या गावच्या जमिनीचा असतो. किटलीच्या रचनेतील निदान एक मोठे स्थित्यंतर त्या थराला वगळून नीट उलगडत नाही. हा धागा त्या थराविषयी आहे. नवी किटली घ्यायला निघालेल्याने तो शेवटपर्यंत वाचावा, कारण पैसे वाया जातात ते बहुधा पाण्याकडे न पाहिल्यामुळे.

किटली आणि विज्ञान म्हटले, की जेम्स वॉटची गोष्ट सांगितली जाते: लहानगा वॉट किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहतो आणि पुढे वाफेचे इंजिन शोधतो. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाली. वाफेचे इंजिन वॉटच्या आधीपासून खाणींतून पाणी उपसत होते; त्याची खरी कामगिरी १७६५ मध्ये सुचलेल्या स्वतंत्र संघनकाची. आख्यायिकांना आयुष्य मोठे असते, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल.

त्याच दशकात लंडनमध्ये पाणी उकळण्याचा एक खराखुरा प्रयोग झाला. तो मात्र कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटला लागून रॅथबोन प्लेस नावाची एक गल्ली आहे. तेथील झऱ्याचे पाणी पंपाने उपसून आसपासच्या घरांना पुरवले जाई. ते उकळले, की भांड्यात पांढरी माती बसे. हेन्री कॅव्हेंडिश या अबोल, श्रीमंत आणि विलक्षण काटेकोर शास्त्रज्ञाने ते पाणी तापवले, त्यातून निघणारा वायू गोळा केला, खाली बसलेली माती तोलली आणि १७६७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही माती चुन्याची होती. ती एरवी पाण्यात विरघळत नाही. परंतु जोसेफ ब्लॅकने १७५६ मध्ये ज्याचे वर्णन केले होते तो ‘स्थिर वायू’, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, जादा प्रमाणात असेल तर ती विरघळून राहते. पाणी उकळले की तो जादा वायू निघून जातो आणि माती उघडी पडते.

किटलीच्या तळाशी जे घडते त्याचा उलगडा अडीचशे वर्षांपूर्वी झाला तो असा. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर घातलेली ज्यांना आठवत असेल, त्यांना तो लगेच पटेल. नळीतून फुंकले की निवळी दुधाळ होते. पण फुंकतच राहिले तर ती पुन्हा स्वच्छ होते. ते दुसऱ्यांदा स्वच्छ झालेले पाणी म्हणजेच विहिरीचे जड पाणी. ते तापवले की पुन्हा दुधाळ होणार. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेते, खडकातला चुना उचलते आणि नळापर्यंत गुपचूप आणून पोचवते. किटली त्याचे बिंग फोडते.

कॅव्हेंडिशने आणखी एक गोष्ट टिपली होती. या पाण्यात चुन्याची निवळी घातली, तर न उकळताही माती खाली बसते. चुना काढण्यासाठी चुनाच घालायचा, ही युक्ती व्यवहारात आणण्यासाठी आणखी ७४ वर्षे जावी लागली. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे नगरांच्या पाणीपुरवठ्यात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली आणि आजही अनेक ठिकाणी चालू आहे.

क्लार्कचे दुसरे काम मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. पाणी किती जड आहे हे मोजायचे कसे? त्याने साबण हाताशी धरला. ठरावीक पाण्यात साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालायचे, बाटली हलवायची आणि टिकाऊ फेस यायला किती साबण लागला ते मोजायचे. चुना साबणाला आधी आपल्याशी बांधून त्याचा चोथा करतो, आणि तो संपल्यावरच फेस धरतो. एका गॅलन पाण्यात एक ग्रेन चुनखडी म्हणजे एक अंश क्लार्क. आजच्या भाषेत लिटरमागे सुमारे १४.३ मिलिग्रॅम. पुढे फ्रेंचांनी आणि जर्मनांनी आपापले अंश ठरवले. भांडी घासण्याच्या युरोपीय यंत्रांच्या पुस्तिकेत पाण्याच्या अंशांचा जो तक्ता असतो, तो याच कुळातला.

मराठी पाठ्यपुस्तकांत या दोन प्रकारच्या पाण्यांना ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ असे शब्द आहेत. इंग्रजीत पाणी मऊ किंवा कठीण असते, म्हणजे ते शब्द हाताच्या स्पर्शावरून आलेले. मराठी शब्द थेट फेसावरून आले. क्लार्कच्या बाटलीतील सगळी परीक्षा त्या एका शब्दात मावली आहे. परिभाषा घडवणाऱ्यांना हे श्रेय क्वचितच मिळते.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये सुफेन पाणी ही नगरांची प्रतिष्ठा होऊन बसली. ग्लासगोने डोंगराळ भागातील लॉख कॅट्रिन या सरोवरातून पाणी आणले. १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते त्या योजनेचे उद्घाटन झाले. मूळ प्रेरणा पटकीच्या साथींची आणि गलिच्छ नदीची होती, तरी घरोघरी साबण वाचू लागला हाही त्या योजनेचा मोठा लाभ गणला गेला. मँचेस्टरने १८९४ मध्ये थर्लमियरचे पाणी आणले. बर्मिंगहॅमने १९०४ मध्ये वेल्समधील एलान खोऱ्यातून, सुमारे ११८ किलोमीटर अंतरावरून, केवळ उताराच्या बळावर पाणी वाहून आणले. लंडन मात्र खडूच्या खडकावर आणि चुनायुक्त नद्यांवर जगत राहिले. तेथील पाण्यात आजही लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅमच्या वर दुष्फेनता आढळते.

म्हणून किटलीतील थराला घरगुती नाव मिळाले ते चुनखडीच्या प्रदेशांतल्या इंग्रजी घरांत: ‘फर’, म्हणजे अंगावरची लव. त्यावरचा उपाय मोठा गमतीचा होता. किटलीत शिंपला किंवा संगमरवराची गोटी टाकून ठेवायची. हे निव्वळ खूळ नव्हते. पाण्यातून बाहेर पडणाऱ्या चुन्याला बसायला जागा हवी असते, आणि आपल्याच जातीचा पृष्ठभाग त्याला अधिक मानवतो. शिंपलाही चुन्याचाच; त्यामुळे थराचा काही भाग त्याच्यावर चढे आणि उकळत्या पाण्यातल्या त्याच्या हालचालीने तळावरचा थरही थोडा खरवडला जाई. थर नाहीसा होत नसे, त्याला पर्यायी बैठक मिळे.

या पार्श्वभूमीवर वीज किटलीत शिरली.

१८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात शिकागोच्या कार्पेंटर कंपनीने आणि इंग्लंडच्या क्रॉम्प्टन कंपनीने विजेच्या किटल्या विकायला काढल्या. क्रॉम्प्टन हे नाव मराठी घरांच्या छतावर पिढ्यान्पिढ्या फिरत आले आहे. त्याचा मूळ पुरुष रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन हा तरुणपणी ब्रिटिश सैन्यातून हिंदुस्थानात आलेला अधिकारी होता आणि येथल्या रस्त्यांवर वाफेच्या इंजिनांनी माल वाहून नेण्याचे प्रयोग करत होता. पुढे त्याच्या कंपनीच्या वारसांनी मुंबईत वरळीला कारखाना काढला, तो १९३७ मध्ये. असो.

त्या पहिल्या किटल्यांत तापणारी तार पाण्याला शिवत नव्हती. ती तळाखाली, वेगळ्या कप्प्यात होती. वीज आणि पाणी एकत्र आणण्याची भीती स्वाभाविक होती, शिवाय तारही तकलादू होती. लाल होईपर्यंत तापून हवेत न गंजणारी, स्वस्त तार उपलब्ध झाली ती अमेरिकेतील अल्बर्ट मार्शने निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू घडवल्यावर. त्याचे पेटंट १९०६ चे. तोवर किटली फार संथ होती. कप्प्यातली उष्णता निम्मी इकडेतिकडे जाई, आणि चुलीवर वा गॅसवर पाणी लवकर उकळे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील कौतुकाची वस्तू, यापलीकडे तिला फारसे स्थान नव्हते.

१९२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल्पिट आणि सन्स या कारखान्यातील आर्थर लेस्ली लार्ज याने ती तार धातूच्या नळीत बंद करून थेट पाण्यात बुडवली. ‘स्वान’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या किटलीने सगळा हिशेब बदलला. तार पाण्यातच असल्याने उष्णतेला दुसरीकडे जायला वाटच उरली नाही. किटली वेगवान झाली आणि गॅसशी स्पर्धा करू लागली. इतिहासाच्या नामावलीत हे पान मोठ्या अक्षरांत असते, आणि ते योग्यच आहे.

पण याच क्षणी चुन्याला हवी ती बैठक मिळाली. चुना सर्वांत आधी बसतो तो सर्वांत गरम पृष्ठभागावर, आणि आता तो पृष्ठभाग म्हणजे पाण्यात वेटोळे घालून बसलेली नळी होती. वेटोळ्याच्या फटीत बोट जात नाही, ब्रश जात नाही. ज्या बर्मिंगहॅममध्ये ही किटली घडली, तेथे १९०४ पासून वेल्सचे सुफेन पाणी येत होते. तिची खरी परीक्षा लंडनच्या आणि आग्नेय इंग्लंडच्या नळाखाली होती.

येथे एका रूढ समजुतीविषयी थांबून बोलले पाहिजे. ‘थर बसला की वीज खूप जास्त जाते’ हे विधान सर्रास केले जाते. कोळशाच्या बॉयलरबाबत ते अगदी खरे होते. एकोणिसाव्या शतकातील आगगाड्या आणि गिरण्यांच्या बॉयलरांत थर बसला, की उष्णता पाण्यात जाण्याऐवजी धुराड्यावाटे निघून जाई. कोळसा वाया जाई आणि तापून लाल झालेला पत्रा फुटण्याचा धोका असे, माणसे मरत. थर घट्ट बसू नये म्हणून बॉयलरमध्ये बटाटे टाकण्याचीही प्रथा होती. पाण्यात बुडालेल्या विजेच्या नळीला मात्र धुराडे नाही. थर कितीही जाड असला तरी तिची उष्णता अखेर पाण्यातच जाते. विजेचा अपव्यय थोडाच. नुकसान होते ते नळीचे. चुनखडी उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे तेवढीच उष्णता बाहेर ढकलण्यासाठी नळीला कितीतरी अधिक तापावे लागते. अशी रोज भाजत राहिलेली नळी एक दिवस जळते. म्हणजे थराची किंमत वीजबिलापेक्षा किटलीच्या आयुष्यातून वसूल होते.

पाणी आटून किटली कोरडीच तापत राहणे, हा दुसरा धोका त्याहून गंभीर. त्यातून घरांना आगी लागत. कोरडी पडताच विजेची जोडणी बाहेर ढकलून देणाऱ्या युक्त्या १९३० च्या दशकात आल्या. पण पाणी उकळताच किटलीने आपणहून बंद व्हावे, ही सोय १९५५ मध्ये आली. बिल रसेल आणि पीटर हॉब्ज यांच्या रसेल हॉब्ज कंपनीची ‘के-१’ ही ती किटली. तिची कल्पना आजही प्रत्येक किटलीत जिवंत आहे. पाणी उकळू लागले की वाफ एका छिद्रातून मागच्या बाजूच्या द्विधातुपट्टीवर येते. दोन धातू उष्णतेने कमी-अधिक प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते आणि खटका पाडते. किटली पाण्याचे तापमान मोजत नाही. ती वाफेची वाट पाहते. झाकण उघडे ठेवले तर वाफ वर निघून जाते आणि किटली बंदच होत नाही. वसतिगृहात झाकण काढून किटलीत नूडल्स शिजवणाऱ्यांनी हे एक वाक्य तरी ध्यानात ठेवावे.

या खटक्याला स्वस्त, लहान आणि भरवशाचा करण्याचे श्रेय आइल ऑफ मॅन या चिमुकल्या बेटाकडे जाते. एरिक टेलर यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या विजेवर तापणाऱ्या पोशाखांवर काम केले होते. तेथूनच द्विधातूच्या छोट्या खटक्यांचा धागा सुरू होतो. त्यांचे पुत्र जॉन टेलर यांनी तो पुढे नेला आणि त्यांच्या स्ट्रिक्स कंपनीचे खटके जगभरच्या किटल्यांत जाऊन बसले. ज्यांनी केंब्रिजचे ते सोनेरी, टोळासारख्या अक्राळविक्राळ कीटकाचे घड्याळ पाहिले असेल, त्यांना ठाऊक असावे: २००८ मध्ये अनावरण झालेले ते घड्याळ याच जॉन टेलर यांचे. किटलीच्या खटक्यांतून मिळालेला पैसा काळ गिळणाऱ्या कीटकावर खर्च झाला.

टेलरांची द्विधातूची चकती तळाला आतून चिकटून असते आणि तळ प्रमाणाबाहेर तापला की टपकन उलटी होऊन वीज तोडते. आता चुना येथे काय करतो ते पाहावे. थर जाड झाला की पाणी कोमट असतानाच तळाचा पत्रा भलताच तापतो. चकतीला वाटते, किटली कोरडी पडली. ती वीज तोडते. ‘किटली उकळायच्या आतच बंद पडते’ ही तक्रार घेऊन अनेक जण नवी किटली घ्यायला दुकानात जातात. त्यातील कित्येक किटल्या बिघडलेल्या नसतात. पाण्याने त्यांना अक्षरशः चुना लावलेला असतो, आणि पाठोपाठ ग्राहकालाही.

१९९० च्या दशकात तापणारी नळी पुन्हा पाण्याबाहेर गेली. स्टीलच्या सपाट तळाखाली ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणि तिला चिकटलेली नळी, अशी आजची रचना आहे. वरून पाहिले तर आत काहीच दिसत नाही. म्हणजे एका शतकात किटलीने पूर्ण वळसा घेतला: तार तळाखाली होती, वेगासाठी पाण्यात उतरली आणि पुन्हा तळाखाली गेली. फरक इतकाच, की १८९० च्या दशकात तळाखालची तार संथ होती आणि आता धातू इतके घट्ट जोडलेले असतात, की वेग फारसा कमी होत नाही. या वळशाला उत्पादनाची सोय, तारेपासून सुटी होणारी बैठक, देखणेपणा अशी अनेक कारणे आहेत. परंतु वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोठी कमाई चुन्याच्या बाबतीतली आहे. सपाट तळ पुसता येतो, वेटोळे पुसता येत नाही.

किटलीच्या वेगाचे गणित देशागणिक बदलते. ब्रिटनच्या घरगुती प्लगातून ३,००० वॉटपर्यंतची किटली चालते. ४ जुलै १९९० रोजी इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यातील विश्वचषक उपांत्य सामना संपताच सारा देश किटलीकडे वळला आणि विजेची मागणी एकदम सुमारे २,८०० मेगावॉटनी उसळली. अमेरिकेत दाब १२० व्होल्टचा, म्हणून किटल्या साधारण १,५०० वॉटच्या आणि संथ. भारतात दाब २३० व्होल्टचा असूनही बाजारातील बहुतेक किटल्या १,५०० वॉटच्याच असतात. कारण भिंतीत सापडते: आपले साधे लहान सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे जेमतेम १,३८० वॉटचे. १,५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. ती १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावावी. चार जणांचे चार्जर लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नको. २५ अंशांचे एक लिटर पाणी उकळायला अशा किटलीला सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. ३,००० वॉटच्या किटलीला त्याच्या निम्मी. त्या पावणेदोन मिनिटांसाठी वायरिंग जाळण्यात अर्थ नाही.

आता महाराष्ट्रातील पाण्याकडे. मुंबईने १८६० मध्ये विहार आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी शहरात आणले. सह्याद्रीच्या परिसरात पडलेला पाऊस, खडकाशी फारसा सहवास न घडता, धरणातून थेट नळाला येतो. म्हणून तो सुफेन. खडकवासल्याच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या पुण्याचे तेच. तेथील किटलीत वर्षभरातही नावापुरता थर धरतो.

पठारावर चित्र पालटते. चुनखडी नसेल तेथे चुना कोठला, असा प्रश्न पडेल. चंद्रपूर-यवतमाळकडे चुनखडक आहेच. पण दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या खनिजांतही कॅल्शियम असते, आणि आम्लधर्मी झालेले भूजल वर्षानुवर्षे भेगांत राहून ते उचलत असते. पाणी जितके खोल आणि जितके जुने, तितके साधारणतः जड. १९७२ च्या दुष्काळानंतर कातळात कूपनलिका खोदण्याला वेग आला. जालना पंप आणि सोलापूर पंप हे हातपंप याच काळातील गरजेतून मराठी मुलखात घडले, आणि त्यांच्याच अनुभवावर पुढे देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क दोन’ हातपंप उभा राहिला. या पंपांनी लाखो माणसांची तहान भागवली. त्याच पाण्यासोबत खडकातला चुनाही स्वयंपाकघरात आला. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे सांगायला गावातल्या आजीला रसायनशास्त्र लागत नाही. पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, हे त्यामागचे कारण. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाला बाहेरून चिंच लावून लखलखीत ठेवत. आत मात्र वर्षावर्षांचे पापुद्रे साठत.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची दुष्फेनता स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. किटलीत तरंगणारे पांढरे पापुद्रे पोटात गेल्याने अपाय होत नाही. ती खडूच्या जातीची चुनखडी आहे. चहाची चव आणि रूप मात्र बिघडते. कोऱ्या चहावर येणाऱ्या तेलकट सायीचे कोडे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मायकेल स्पायरो आणि देवग्रॅशियस जगन्यी यांनी १९९३ मध्ये सोडवले. पाण्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हेच तिचे मूळ होते. लिंबू पिळले की ती साय येत नाही.

तेव्हा किटली निवडण्यापूर्वी पाणी पाहावे, आणि त्यासाठी क्लार्कची बाटली पुरेशी आहे. झाकणाच्या स्वच्छ बाटलीत अर्धे पाणी, त्यात साध्या साबणाचा बारीक कीस. धुण्याची पावडर नको, कारण तिला दुष्फेनतेची फारशी पर्वा नसते. जोराने हलवले असता दाट फेस आला तर पाणी सुफेन. गढूळपणा आणि वर चोथा दिसला तर दुष्फेन. धरणाचे पाणी असलेल्याने कोणतीही भरवशाची, आयएसआय चिन्ह असलेली किटली घ्यावी. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. तळ सपाट असावा, वेटोळे उघडे नसावे. तोंड पंजा आत जाईल इतके रुंद असावे. चोचीला जाळी असावी, आणि ती काढून धुता यावी. निळा दिवा, काचेची भिंत, तापमानाचे आकडे ही हौस आहे. काचेच्या किटलीत थर लवकर दिसतो एवढा तिचा फायदा. शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरणाऱ्याला यातील बरेचसे लागू नाही.

उरला प्रश्न बसलेल्या थराचा. खरवडू नये, ओरखड्यांत पुढचा थर अधिक घट्ट बसतो. संडास धुण्याचे ॲसिड तर कदापि नको, कारण त्यातले क्लोराइड स्टीललाच खाते. दहा ग्रॅम चुनखडी विरघळवायला पाच टक्क्यांचे व्हिनेगर सुमारे २४० मिलिलिटर लागते, आणि वास दोन दिवस जात नाही. तेच काम सुमारे १३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचे सत्त्व, बिनवासाने करते. किराणा दुकानात ते सुटे मिळते.

ते इतके स्वस्त मिळण्यालाही इतिहास आहे. स्वीडनच्या कार्ल शेले याने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले. पुढे शतकभर ते लिंबांपासूनच बने, आणि त्या व्यापारावर इटलीचा वरचष्मा होता. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, की काळ्या बुरशीला साखर खाऊ घातली तर ती हेच आम्ल भरभरून तयार करते. दोन वर्षांत फायझर कंपनीने ब्रुकलिनमध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. आजही जगातील बहुतेक सायट्रिक ॲसिड बुरशीचेच असते.

एक लिटर कोमट पाण्यात दोन सपाट मोठे चमचे सत्त्व घालून अर्धा तास ठेवावे, फेस थांबला की ओतून द्यावे आणि एकदा साधे पाणी उकळून टाकावे. पाणी कोमटच हवे. सत्त्व घालून ते उकळवू नये. शेलेने लिंबाच्या रसातून हे आम्ल पकडले होते ते खडू घालूनच: कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि पाणी जितके गरम तितके ते कमी विरघळते. उकळत्या पाण्यात थर काढायला गेलेल्यांच्या किटलीत नंतर जी नवी पांढरी भुकटी दिसते, ती शेलेचीच.